अल्ट्रालाइट स्पिनिंग रॉडचं हँडल किती लांब असावं? माझं कापू का नको?

बोडीकाठ (साकोली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचून राहिलो होतो, लिहितो पहिल्यांदाच.

मागच्या दिवाळीत अल्ट्रालाइट स्पिनिंग रॉड घेतला, म्हणजे हलकं आमिष फेकून मासे धरायचा नाजूक रॉड. ६ फूट, दोन तुकडे, ल्युअर (खोटं आमिष) १ ते ७ ग्रॅम, तंगूस (गळाची दोरी) २ ते ६ पौंड ताकदीचा. त्यावर १००० साइजचं रील आणि ४ पौंडाचा तंगूस. शेंडा एवढा नाजूक की तळहाताएवढी चिलापी लागली तरी सगळा रॉड जिवंत होतो. त्यासाठीच पैसे साठवून घेतला होता.

अडचण हँडलची आहे. बुडख्यापासून (रॉडच्या मागच्या टोकापासून) रीलच्या दांड्यापर्यंत (आपण दोन बोटांमध्ये धरतो तो दांडा) मोजलं तर १३ इंच, म्हणजे ३३ सेंटीमीटर भरलं. घेताना फक्त एकूण लांबी विचारली होती, बुडखा, म्हणजे दांड्यामागचा हा भाग, किती ते विचारायचं सुचलंच नाही.

आमचा तलाव मालगुजारी. पाळीच्या आतल्या अंगाला बेशरमाची झुडपं माजली आहेत. मोकळं उभं राहून फेकता येईल अशा जागा दोनच, तुडूमजवळ (पाणी सोडायची जागा) आणि सलंगावर (जादा पाणी वाहून जायचा सांडवा). बाकी सगळीकडे झुडपांच्या फटीत उकिडवं बसून, डोक्यावर फांदी, समोर कमळाची पानं, अशा ठिकाणी २ ग्रॅमचा जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) मनगटाच्या झटक्यानं सोडावा लागतो. मासे पण तिथंच असतात. आता होतं असं की रॉड मागं घेताना बुडखा मांडीला टेकतो, आणि पुढं झटका दिला की तोच बुडखा वर येऊन कोपराच्या अलीकडे हातावर आपटतो. फेक अर्ध्यातच अडते, जिग पानावर जाऊन पडतो. सकाळच्या दोन तासांत हातावर लाल वळ उठतो.

काकांना दाखवलं. त्यांनी जन्मभर बांबूच्या काठीनं मासे धरले. ते म्हणाले, बुडखा लांब हाय त कोपराखाली दाब. ते स्वतः काठी तशीच धरतात, बुडख्यापासून हातभर पुढं, मागचा भाग कोपराखाली. पण काठीनं गळ भिरकावायचा असतो. माझ्या रॉडला मनगट फिरवावं लागतं, ते दाबून ठेवलं तर फिरणार कसं?

मनात आहे की ४ इंच कापून टाकावं. कुणी कापलं आहे का? काही बिघडतं का?

पूर्णाकाठ (अकोट)

राजेहो, कापाची घाई करू नका. मायाकडे बी असाच लांब बुडख्याचा रॉड हाये, ७ फुटी. मले त तो बुडखा लय कामाचा वाटते. मी दोन्ही हातानं फेकतो. खालचा हात पार बुडख्याच्या टोकावर, तो आपल्याकडे ओढाचा, वरचा हात पुढं ढकलाचा. ७ ग्रॅमचा स्पून (चमच्यासारखा ल्युअर) पूर्णेच्या मधल्या डोहात जाऊन पडते. बुडखा कापला त खालच्या हाताले धराले काय राहीन? अन् मासा लागला की तोच बुडखा कोपराखाली बसते, मनगटाले आराम भेटते. तुमचे काका बरोबर सांगून राहिले.

शेंडा जड वाटत असन त २५०० चं मोठं रील लावून पाहा, तोल आपोआप येते.

बोडीकाठ (साकोली)

दादा, मोकळ्या नदीकाठी तुमचं पूर्ण पटतं. पण २ ग्रॅमला दोन हात लावून काय करू? आणि त्या फटीत दुसरा हात मागं न्यायला जागाच नसते, दुसऱ्या हातानं फांदी बाजूला धरलेली असते.

मोजपट्टी (वर्धा)

बोडीकाठ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक, बुडखा अंगाला अडतो. दोन, रॉडचा तोल. पहिली कापल्यानं सुटते, दुसरी कापल्यानं थोडी बिघडते. दोन्ही मोजून बघितल्या तर निर्णय सोपा जाईल.

आधी पूर्णाकाठ दादांच्या रीलबद्दल. दादा, दोन हातांच्या फेकीचं तुम्ही लिहिलं ते अगदी बरोबर, तरफच आहे ती. पण जड रीलनं तोल येत नाही. रीलचा दांडा आपण बोटांमध्ये धरतो, म्हणजे रीलचं वजन हाताच्या खालीच लटकतं. बैलगाडीत पोती बरोबर आसावर रचली तर बैलांच्या मानेवर त्यांचा भार येत नाही. पुढं रचली तर जू दाबतं, मागं रचली तर गाडी उलाळ होते. रील आसावर आहे. तिथं २०० ग्रॅम ठेवा नाहीतर २८० ग्रॅम, शेंड्याची खालची ओढ तेवढीच राहते, हाताला उचलायचं ओझं मात्र वाढतं. जड रील लावून रॉड बोटावर तोलून पाहिला तर तोलाची जागा मागं सरकलेली दिसते, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पण आपण रॉड त्या जागी धरतच नाही, दांड्यापाशी धरतो.

बोडीकाठ, रील काढून नुसता रॉड किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. मग तो बोटावर आडवा तोलून, तोलाची जागा बुडख्यापासून किती सेंटीमीटरवर येते ते सांगा. पुढचा हिशोब मी करतो.

बोडीकाठ (साकोली)

मोजलं. वजन ९८ ग्रॅम. तोल बुडख्यापासून ६२ सेंटीमीटरवर.

मोजपट्टी (वर्धा)

छान. तोलाची जागा दांड्याच्या पुढं ६२ वजा ३३ म्हणजे २९ सेंटीमीटर. ९८ गुणिले २९ केलं की २८४२ येतात. ग्रॅम-सेंटीमीटरमध्ये ही तुमच्या रॉडची शेंड्याकडची ओढ, मनगट दिवसभर हेच सांभाळत असतं.

आता १० सेंटीमीटर कापले असं धरू. कॉर्क, आतली नळी आणि टोपण मिळून तो तुकडा अंदाजे १४ ग्रॅमचा असेल. त्याचा मध्य दांड्यापासून २८ सेंटीमीटर मागं. म्हणजे मागून धरून ठेवणारे १४ गुणिले २८, ३९२ गेले. ओढ ३२३४ झाली. साधारण १४ टक्के वाढ.

ती भरून काढायची तर नव्या बुडख्यात वजन घालावं लागेल. नवा बुडखा दांड्यापासून २३ सेंटीमीटरवर आहे, म्हणून ३९२ भागिले २३, म्हणजे १७ ग्रॅम. काढले १४, परत घालायचे १७. अंतर कमी झालं की वजन जास्त लागतं, एवढंच त्यातलं गणित. रॉड दांड्यावर पुरता तोलायचा म्हटलं तर १४० ग्रॅम घालावे लागतील, त्या फंदात पडूच नका. अल्ट्रालाइटचा सगळा गुण हलकेपणात आहे.

आणखी एक सांगतो, कारण कापताना लोक याला उगाच भितात. बुडखा कापल्यानं दांड्याच्या पुढचा भाग तसाच राहतो. तुमचा १५० सेंटीमीटर आहे, तो कापल्यावरही १५०च. वाकण्याची तऱ्हा बदलत नाही, गाइड (तंगूस ओवायच्या कड्या) बदलत नाहीत. रॉड ६ फुटांचा ५ फूट ८ इंच झाला तरी मनगटाच्या फेकीत अंतर जवळपास तेच मिळतं. उलट दुकानात ६ फुटांचे दोन रॉड शेजारी ठेवले, एकाचा बुडखा ३३ चा आणि दुसऱ्याचा २३ चा, तर दुसऱ्याचा पुढचा भाग १० सेंटीमीटरनं मोठा असतो. लेबलवर दोन्ही ६ फूटच. म्हणून घेताना एकूण लांबीच्या जोडीला बुडखा विचारावाच.

पूर्णाकाठ (अकोट)

सर, आसाचं उदाहरण पटलं. घरी २५०० अन् १००० दोन्ही लावून पाहिलं, शेंडा तसाच खाली जाते. चुकीचं सांगितलं होतं म्या.

वैनगंगेचा ढिवर (पवनी)

आमच्या घरात जाळं आणि डोंगा पिढ्यांपासून आहे, रॉड माझ्या हातात चार वर्षांपासून. डोंग्यात बसून फेकणाऱ्यांसाठी लिहितो. डोंग्यात पाय समोर, गुडघे वर. लांब बुडखा असला की तो गुडघ्यात अडकतो नाहीतर डोंग्याच्या काठावर वाजतो. लाकडावर बुडखा वाजला की आवाज थेट पाण्यात जातो, उथळ पाण्यातले मासे पांगतात. मी दांड्यापासून ८ इंचांचा बुडखा वापरतो, बसून त्याच्यापेक्षा लांब चालत नाही.

दुसरं म्हणजे जिग खेळवणं. मासा तळाशी असला तर शेंडा पाण्याकडे ठेवून बारीक बारीक टिचक्या द्याव्या लागतात. शेंडा खाली म्हणजे बुडखा वर. लांब बुडखा हाताच्या खालच्या अंगाला दाबून बसतो, मग टिचकी मनगटातून न येता खांद्यातून येते आणि जिग हळू उठायच्या जागी उडी मारतो. ज्यांना चिलापी नुसती चाटून जाते, घेत नाही, त्यांनी बुडखा अडतो का ते आधी पाहावं. ल्युअरचा रंग बदलून काही होणार नाही.

आणि या धाग्यात आलोच तर एक विनंती. पावसाळ्यात मरळीची पिल्लं लाल गोळा करून पाण्यावर येतात, खाली नर-मादी राखणीला असतात. ती कशावरही तुटून पडतात म्हणून लोक त्या गोळ्यातच ल्युअर टाकतात. मोठी मरळ उचलली की ती सगळी पिल्लं तासाभरात दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. तिथं टाकू नका.

घोडाझरी (नागभीड)

मी कापला होता. वाईट अनुभव आहे, म्हणून सविस्तर लिहितो, कुणाचा तरी रॉड वाचेल.

माझा ५ फूट ६ इंचांचा होता, बुडखा ११ इंच. कुठंतरी वाचलं की जपानात अजी नावाच्या लहान समुद्री माशासाठी अगदी आखूड बुडख्याचे रॉड वापरतात. ते खरं आहे, तिथं १ ग्रॅमच्या आसपासचे जिग एका हातानं दिवसभर फेकतात. मी एका बैठकीत ६ इंच कापले. मोजलं नाही, हाताला लावून पाहिलं नाही. राहिले ५ इंच.

त्या ५ इंचांचं टोक नेमकं मनगटाच्या आतल्या बाजूला आलं, नाडी पाहतात त्या जागी. फेकताना काही वाटलं नाही, फार मोकळं वाटलं. पण पहिलीच बरी मरळ लागली, किलोभराची असेल, आणि रॉड वाकल्याबरोबर बुडखा मनगटात रुतला. रॉड वाकला की मासा शेंड्याला खाली ओढतो आणि बुडखा वर दाबतो. बुडखा लांब असला तर तो दाब हाताच्या मांसल भागावर पसरतो, आखूड असला तर शिरेवर येतो. ४ पौंडाच्या तंगुसावर ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल ठेवून दहा मिनिटं सांभाळली, मासा काढला, सोडला. रात्री अंगठा बधीर होता. दुसऱ्या दिवशी पण.

त्यात माझ्या रॉडची आतली नळी बुडख्याच्या टोकापर्यंत आलेलीच नव्हती. कॉर्कच्या आत शेवटचे काही इंच लाकडी दांडी चिकटवलेली होती. कापलं तेव्हा ती उघडी पडली, पाणी पिऊन फुगली, कॉर्क तडकला. कापायच्या आधी टोपण काढून आत टॉर्च मारून पाहा, नळी दिसते की लाकूड. लाकूड दिसलं तर थांबा.

शेवटी तो रॉड भाच्याला दिला. त्याचा हात लहान आहे, त्याला चालतो.

रानजाई (अर्जुनी मोरगाव)

घोडाझरी दादांनी लहान हाताचं लिहिलं म्हणून मी लिहिते. मी शिक्षिका आहे, मुलगी सहावीत. दोघी मिळून रविवारी नवेगावबांधच्या बाजूच्या बोड्यांवर (लहान तळ्यांवर) जातो. अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या, आणि जिथं मच्छीमार सोसायटीचा ठेका आहे तिथं अध्यक्षांना सांगून.

इंच सगळे सांगतात, पण हात कुणाचा? माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत २३ सेंटीमीटर, मुलीचं १९. एकच रॉड दोघींनी वापरला. मला बुडखा हाताच्या निम्म्याच्या थोडा पुढं येतो, मला काही त्रास नाही. तिला तो कोपराच्या खोबणीत लागायचा आणि ती कंटाळून रॉड खाली ठेवायची. मला वाटायचं तिला आवड नाही. एक दिवस तिनंच दाखवलं, आई हे बघ, इथं टोचतं.

तेव्हापासून मी असं पाहते: दांडा बोटांत धरायचा, रॉड हाताच्या रेषेत सरळ करायचा. बुडखा कोपराच्या बऱ्याच अलीकडे, हाताच्या साधारण निम्म्यात संपला तर एका हातानं फेकायला मोकळा. कोपरापर्यंत पोचला तर तो दोन हातांचा रॉड. कोपराच्या पुढं गेला तर निदान बसून फेकणाऱ्यानं घेऊ नये.

बोडीकाठ भाऊ, तुमचा हात मोजलात का?

बोडीकाठ (साकोली)

ताई, आत्ता मोजला. २६ सेंटीमीटर. दांडा हातात धरल्यावर बुडखा कोपराच्या खोबणीलाच लागतो. म्हणजे तुमच्या भाषेत माझा रॉड दोन हातांचा, आणि मी तो एका हातानं चालवून राहिलो.

घोडाझरी दादा, टॉर्च मारून पाहिलं. नळी टोकापर्यंत आहे, काळा गोल दिसतो. पण तुमचं मनगटाचं वाचून ४ इंच कापायची हिंमत कमी झाली.

मोजपट्टी (वर्धा)

हिंमत करूच नका, आधी चाचणी करा. तुमचा कॉर्क सलग आहे का मधे तुटक? सलग असेल तर रील सीटमधून (रील बसवायच्या खोबणीतून) रील काढा आणि १० सेंटीमीटर मागं, कॉर्कवरच, इन्सुलेशन टेपनं घट्ट गुंडाळून बांधा. रीलच्या पायाची पुढची आणि मागची पट्टी दोन्ही. टेपची चिकट बाजू कॉर्कला लागू नये म्हणून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घ्या. ही माझी युक्ती नाही. अमेरिकेत टेनेसी हँडल म्हणून प्रकार आहे, त्याला रील सीटच नसते. सलग कॉर्क आणि रील टेपनं किंवा सरकत्या कड्यांनी बांधायचं, जिथं हाताला बरं वाटेल तिथं. म्हणजे रोज बुडखा बदलून पाहता येतो आणि काहीच कापावं लागत नाही.

वैनगंगेचा ढिवर (पवनी)

सर, यात एक फरक राहतो. रील मागं नेलं तर बुडखा आखूड होईल पण पुढचा भाग १० सेंटीमीटरनं वाढेल. कापल्यावर पुढचा भाग तेवढाच राहणार. मग चाचणी आणि कापणं एक कसं होईल?

मोजपट्टी (वर्धा)

बरोबर पकडलंत, एक नाहीच होणार. टेपवर ओढ ९८ गुणिले ३९, म्हणजे ३८२२ होईल. कापल्यावर ३२३४. चाचणीत शेंडा खऱ्यापेक्षा जड लागणार. त्याचा फायदा असा की टेपवर मनगट दुखलं नाही, तर कापल्यावर नक्की दुखणार नाही. मांडीला आणि हाताला अडतं का, मासा लागल्यावर कुठं रुततं, या दोन गोष्टी मात्र चाचणीत जशाच्या तशा कळतात. पहिला गाइड थोडा लांब पडेल, त्यामुळे तंगूस किंचित जास्त फडफडेल, तिकडं लक्ष देऊ नका.

बोडीकाठ (साकोली)

कॉर्क सलग आहे. रविवारपासून तीन सकाळी गेलो. जसं घडलं तसं लिहितो.

पहिल्या दिवशी रील १० सेंटीमीटर मागं. झुडपांच्या फटीत बसलो. पहिलीच फेक कमळाच्या दोन पानांच्या मधे पडली, जिथं आठ महिन्यांत एकदा पडली नव्हती. हातावर आपटणं नाही, मांडीला लागणं नाही. चिलापी चार, एक डोक मासा. शेंडा जड वाटला, विशेषतः तासाभरानंतर. डोक लागला तेव्हा मुद्दाम लक्ष दिलं: बुडखा मनगटापासून बराच मागं टेकतो, शिरेवर नाही, पण कडा जाणवते.

दुसऱ्या दिवशी ५ सेंटीमीटर मागं. मासा लागल्यावर आराम, पण उकिडवं बसल्यावर बुडखा पुन्हा शर्टाच्या बाहीत शिरायला लागला. दहापैकी तीन-चार फेकी बिघडल्या.

तिसऱ्या दिवशी ७ सेंटीमीटर. इथं जमलं. बाहीत शिरत नाही, कडा टोचत नाही. सलंगावर उभं राहून फेकलं तेव्हा खालच्या हाताची दोन बोटं बुडख्यावर बसली आणि ५ ग्रॅमचा स्पिनर चांगला लांब गेला. पूर्णाकाठ दादांची पद्धत दोन बोटांवर पण चालते. काका पाळीवर उभे होते. ते म्हणाले, आता काठी हातातली वाटते.

म्हणजे ३३ चा २६. माझा हात पण २६ सेंटीमीटरचा आहे, पण दांड्यामागं अर्धा तळहात जातो, त्यामुळे बुडखा हाताच्या मध्याच्या थोडा मागं संपतो. ताईंच्या मापाला धरून आहे.

रानजाई (अर्जुनी मोरगाव)

फार बरं वाटलं वाचून. पहिल्या दिवशीच १० कापले असते तर ते ३ सेंटीमीटर कुठून आणले असते?

घोडाझरी (नागभीड)

कापताना कॉर्कभोवती मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या आणि खूण टेपवर करा. बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड नुसतं हातात धरून, रॉड फिरवत फिरवत चारही बाजूंनी थोडं थोडं आत जा. एकाच बाजूनं आरपार कापलं तर शेवटी कॉर्कचा टवका निघतो आणि नळीचे धागे फुटतात. कार्बनची नळी असेल तर ओल्या फडक्यानं पुसत राहा आणि नाकाला रुमाल बांधा, ती भुकटी फुंकून उडवायची नाही. कापल्यावर टोक बारीक सँडपेपरनं गोल करा. माझं रुतलं त्याला तीक्ष्ण कडा पण कारण होती.

मोजपट्टी (वर्धा)

आणि कापलेल्या तुकड्याचं वजन करा, फेकू नका. त्यावरून किती घालायचं ते काढू.

बोडीकाठ (साकोली)

कापलं. अर्धा तास लागला, कडा स्वच्छ आली. तुकडा टोपणासकट ११ ग्रॅम.

मीच हिशोब करून पाहिला, चुकलं तर सांगा. तुकड्याचा मध्य दांड्यापासून २९.५ सेंटीमीटर मागं होता. ११ गुणिले २९.५ म्हणजे ३२४.५. नवा बुडखा २६ वर. ३२४.५ भागिले २६, साडेबारा ग्रॅम.

मोजपट्टी (वर्धा)

अगदी बरोबर. पण जुनं टोपण परत लावाल तर त्याचं वजन त्या साडेबारातून वजा करा.

बोडीकाठ (साकोली)

टोपण ३ ग्रॅमचं आहे. मग राहिले साडेनऊ. काकांच्या फेकजाळ्याच्या जुन्या शिशाच्या गोळ्या घरात होत्या, त्यातल्या तीन घेतल्या, काट्यावर ९ ग्रॅम भरल्या. कागदात गुंडाळून नळीत सरकवल्या आणि वर इपॉक्सी ओतला, म्हणजे खुळखुळणार नाहीत. काकूंनी शिशाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायला लावले, ते बरोबरच. रात्रभर रॉड बुडखा वर करून भिंतीला उभा ठेवला. सकाळी टोपण चिकटवलं.

पूर्णाकाठ (अकोट)

भाऊ, ते गोळे घातले नसते त चाललं नसतं का? इचारतो, कारण मले बी पोरासाठी एक कापाचा हाये.

बोडीकाठ (साकोली)

दादा, चाललं असतं. गोळ्या घालायच्या आधी एक सकाळ तसाच नेला होता. पहिला तासभर फरक कळत नाही. पुढं जिग तळाशी खेळवताना शेंडा धरून ठेवायला मनगट थकतं. आता थकत नाही. पोरगा थोडाच वेळ फेकणार असेल तर त्याला वजन घालू नका, हलका राहू द्या. पण त्याचा हात आधी मोजा, आणि टेप लावून दोन-तीन सकाळ जाऊ द्या.

पूर्णाकाठ (अकोट)

हाव. मोजला, २१ भरला. आज टेप अन् ट्यूबची पट्टी आणतो.

वैनगंगेचा ढिवर (पवनी)

पोरगा डोंग्यात बसणार का काठावर उभा राहणार, ते पण ध्यानात घ्या दादा. उभा राहणार असेल तर दोन बोटं बसतील एवढा बुडखा मागं राहू द्या.

बोडीकाठ (साकोली)

महिना झाला, म्हणून कळवतो. टोपण पक्कं आहे, पाणी आत गेलेलं नाही, कॉर्क कुठं सुटला नाही. हातावरचा वळ गेला. काल तुडूमच्या बाजूच्या फटीत, कमळाखाली, तीन पावाची मरळ लागली. ४ पौंडाच्या तंगुसावर सावकाश आणली, बुडखा हाताच्या मधोमध टेकून होता. पोटाशी अंड्यांची फुगवट दिसली म्हणून परत सोडली. कापलेला ७ सेंटीमीटरचा तुकडा ठेवला आहे. रानजाई ताई, मुलीच्या रॉडचा कॉर्क कुठं तुटला तर कळवा, तो तिच्या कामी येईल.